धोंडाबाईचं नाव

“आईचं नाव देविका लिहिलंय. कुणी विचारलं तर हाव म्हण,” क्लासच्या फॉर्मवरून मान न उचलता आरती म्हणाली.

धोंडाबाई पोळ्या लाटत होती. लातुरात क्लासेसच्या गल्लीतल्या साठ मुलींच्या मेसचं स्वयंपाकघर तिच्याकडं होतं. नवरा गेल्यापासून मायलेकी तिथंच मागच्या खोलीत राहत.

“कामून? माझं नाव काय वंगाळ हाय?”

“धोंडा म्हणजे दगड, आई. पोरी हसतात वर्गात.”

“माझ्या आधीची तीन लेकरं पाळण्यातच गेली. माय म्हनली, हिला धोंडा म्हना. दगडाला कोन नेतंय?”

आरतीनं पुढचा रकाना भरायला घेतला. पुढचं धोंडाबाईनं सांगितलंच नाही.

किल्लारीत भूकंप झाला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. दगडमातीचं घर निजलेल्या माणसांवर बसलं. दुपारी जवानांना ढिगाऱ्यातून आवाज आला. त्यांनी नाव विचारलं, तर आतून ‘धोंडा, धोंडा’ एवढंच येत राहिलं. अंगावर धोंडा पडलाय असं समजून त्यांनी हातांनीच दगड उपसले. ती निघाली. तिचा हात धरून असलेली मायही निघाली, पण केव्हाच गार झालेली. बापाला दुसऱ्या दिवशी काढलं.

उमरीच्या मावशीनं, पारूबाईनं, तिला सांभाळलं. आल्यागेल्याला मात्र सांगायची, “ही धोंडी. नावापरमानं घरावर धोंडे आनले हिनं.” लग्न होईपर्यंत धोंडाबाईनं हेच ऐकलं. तरी नाव बदलावं असं तिला कधी वाटलं नाही. मायनं दिलेलं तेवढंच उरलं होतं.

दोन वर्षांनी आरतीला नांदेडला मेडिकलला प्रवेश मिळाला. क्लासनं सभागृह घेऊन सत्कार ठेवला.

“आरतीच्या मातोश्री, देविकाताई!” निवेदकानं पुकारलं.

धोंडाबाई बसूनच राहिली, कोण उठतंय ते बघत. शेवटी आरतीनं दंडाला धरून तिला स्टेजवर नेलं. अंगावर शाल आली, हातात नारळ आला.

“ताई, किती सुंदर नाव! कुणी ठेवलं?”

माईक तोंडाशी आला. हाव म्हणायचं ती घोकून आली होती. ते इथं चालणार नव्हतं.

“पोरीनं,” ती म्हणाली.

सगळं सभागृह हसलं. आरती तेवढी हसली नाही.

खोलीवर येताच ती ओरडली, “एक नाव सांगता येत नाही तुला? दगड आहेस नुसती!”

धोंडाबाईनं शालीची घडी केली आणि लेकीच्या बॅगेत ठेवली. “हॉस्टेलात गारठा असतोय.”

आरतीनं शाल बाहेर काढून खाटेवर टाकली आणि बॅगेची चेन ओढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नांदेडच्या बसनं गेली. धोंडाबाई स्टँडवरून परतली, नारळ फोडला आणि साठ मुलींच्या चटणीत वाटून घातला.

“आज काय विशेष, मावशी?” ताट पुढं करत एका मुलीनं विचारलं.

“कायी न्हाई,” धोंडाबाई म्हणाली. “खा पोटभर.”