दोष पट्ट्याचा नव्हता

डोंगरातल्या दुइतामा गावात सायकल दुरुस्त करणारे पुष्कळ. पण सायकलस्वारांच्या घड्याळांची आणि छातीच्या पट्ट्यांची दुखणी घेऊन लोक यायचे ते एदेल्मिराकडेच. चाकं सरळ करायला तिला वडिलांनी शिकवलं होतं. बाकीचं ती चष्मा लावून, पुस्तिका वाचून, चुकत चुकत शिकली होती.

त्या शनिवारी सकाळी ओतोनिएल दारातूनच ओरडला, "उस्ताद, हे घड्याळ मला मेल्यात जमा धरतंय!"

ओतोनिएल साठीला टेकलेला. तरुणपणी शर्यतींत तो म्होरक्यांना पाणी पोहोचवायचा, त्यांच्यासाठी वारा अंगावर घ्यायचा. स्वतः एकही शर्यत जिंकला नाही. आता वरच्या गावांतून दूध गोळा करायचा आणि रविवारी सायकल मंडळाच्या लोकांबरोबर खिंड चढायचा. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी यानेथ स्पेनमध्ये म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करायची. घड्याळ तिनेच पाठवलेलं. छातीला पट्टा बांधायचा, पट्टा घड्याळाला ठोके कळवणार, आणि चढ संपला की सगळे आकडे तिकडे यानेथच्या फोनवर. ते पाहून ती दर रविवारी फोन करायची. ओतोनिएल घाम गाळतो तो त्या फोनसाठीच, असं एदेल्मिराला वाटे.

"चढ लागला की ठोक्यांच्या जागी नुसत्या दोन आडव्या रेघा," तो म्हणाला. "पोरगी विचारते, बाबा, मधेच गाढवावर बसलात का?"

एदेल्मिराने पट्टा उलटून पाहिला. "हा धुता का कधी?"

"दूधवाल्याला स्वच्छता शिकवता?"

"भांडी धुता, ठाऊक आहे. इथे मात्र मिठागर झालंय."

तिने खार धुऊन काढला, सेल बदलला, बांधण्याआधी पट्टा ओला करायला बजावलं.

पुढच्या शनिवारी तो पुन्हा हजर. रेघा तशाच. फोन आणि घड्याळ एकाच पट्ट्यावर झडप घालत असतील, असं तिला वाटलं. तिने फोनमधली जोडणी काढली, घड्याळातली जुनी पुसली, दोघांची नव्याने ओळख करून दिली. तेवढ्यात ओतोनिएलने दोन अल्मोहाबाना, चीजचे गोल पाव, फस्त केले आणि चीज कमी पडलंय म्हणून नावं ठेवली.

तिसऱ्या शनिवारी आकडेच वेडेवाकडे आले. दोनशे दहा, लगेच एक्केचाळीस, मग रेघा.

"पट्टा आणि घड्याळ ठेवून जा," ती म्हणाली.

सोमवारी तिने तो पट्टा स्वतःच्या छातीला बांधला आणि दुकानातल्या स्टँडवर तासभर पायडल मारलं. घड्याळात एकही रेघ आली नाही. आकडे शहाण्या मुलासारखे चढले नि उतरले. आधी तिला आनंद झाला, की चला, काम फत्ते. आणि मग पायडल मारता मारता तिचे पाय थांबले. पट्टा धडधाकट होता. घड्याळही.

तिने शनिवारची वाट पाहिली नाही. मंगळवारी दूध घालून परतणाऱ्या ओतोनिएलला रस्त्यातच थांबवून आत आणलं, बसवलं आणि त्याचं मनगट धरलं. दोन ठोके. मग काहीच नाही. मग तीन घाईघाईने.

"हात धरायला तीस वर्षं लावलीत, उस्ताद!"

ती हसली नाही. "चढताना छातीत काय होतं?"

तो टोपीशी चाळा करू लागला. "मासा उलटावा तसं होतं. मग मिनिटभर अंधारी."

"कधीपासून?"

"नाताळपासून."

"आणि मला पट्टा धुवायला लावलात!"

"पट्टाच असू दे, असं वाटत होतं हो."

एदेल्मिराने तिथूनच इस्पितळात फोन केला. पुढच्या बुधवारची वेळ मिळाली. मधे एक रविवार होता.

"फक्त चढावरच्या कार्मेन मातेच्या देवळीपर्यंत जाईन," तो म्हणाला. "हळूहळू. आणि एवढं करा, घड्याळातले ठोके बंद करा. रेघा दिसल्या की ती विचारणार, आणि मला तिच्याशी खोटं बोलता येत नाही. नोकरी सोडून धावत येईल. बुधवारी डॉक्टर काय ते सांगू देत, मग मीच सांगतो तिला."

तिने वाद घातला. बुधवारपर्यंतच, असं तो विनवत राहिला. शेवटी तिने घड्याळ घेतलं, दोन बटणं दाबली आणि पट्ट्याची जोडणी बंद केली.

रविवारी मंडळ देवळीपाशी थांबलं, पेरूची वडी खाल्ली. "आज पाय चांगले आहेत," म्हणत ओतोनिएल पुढे निघाला. मागचे लोक पोहोचले तेव्हा दोन किलोमीटरवर, बटाट्याच्या शेताकडेला, सायकल कुंपणाला नीट टेकवलेली होती आणि तो शेजारी बसलेला होता. गेलेला होता.

यानेथ येईपर्यंत त्याला ठेवलं होतं. पुरल्यानंतर दुसऱ्या दिवशी ती घड्याळ घेऊन दुकानात आली.

"मावशी, रविवारचा वेग आहे, चढ आहे, ठोके तेवढे नाहीत. पट्टा पुन्हा बिघडला होता का?"

हो म्हटलं असतं तर गोष्ट तिथेच मिटली असती. गावाचाही तसाच समज होता. एदेल्मिराने हातातला पाना खाली ठेवला.

"नाही. मी बंद केला होता." आणि तिने सगळं सांगितलं.

यानेथने घड्याळ बाकावर ठेवलं. मग म्हणाली, "माझा नंबर होता तुमच्याकडे."

"होता."

"सांगितलं असतं तरी बाबा गेलेच असते. मला ठाऊक आहे. पण मला त्यांच्याशी भांडता आलं असतं. शेवटच्या फोनवर आम्ही कोंबड्यांबद्दल बोललो. वीस मिनिटं, कोंबड्यांबद्दल!"

एदेल्मिराला माफी मागायची होती.

"ती जागा दाखवा," यानेथ म्हणाली.

दोघी ओतोनिएलच्या दुधाच्या गाडीतून वर गेल्या. शेतात एक बाई बटाटे काढत होती. त्या दिवशीही तीच होती. ती कुंपणापाशी आली, हात पुसले.

"मला म्हणाले, कुठली जात आहे बटाट्याची? मी सांगितलं. म्हणाले, रश्शाला हीच बरी. मी खाली वाकले, पोतं भरलं, वर पाहिलं तर..." बाईने छातीवर क्रूसाची खूण केली.

यानेथ गवतावर बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडली. एदेल्मिरा चार पावलं दूर उभी राहिली. जवळ जाण्याचा आपल्याला हक्क आहे की नाही, हे तिला ठरवता येईना. डोंगरावरून धुकं उतरू लागलं. बाईने न विचारता पोत्यातले ओंजळभर बटाटे रुमालात बांधून यानेथपुढे ठेवले, आणि ती पुन्हा सरीत जाऊन वाकली.