परातीच्या पलीकडून

कमळाबाईला वाचता येत नाही, हे अंगणवाडीत कोणालाच ठाऊक नव्हतं. चौथी पास सांगून ती मदतनीस म्हणून लागली, बावीस वर्षं खिचडी रांधली, सही तेवढी गिरवून गिरवून पाठ केली. झाकली मूठ सव्वा लाखाची!

मग सेविका रंजीता आठ दिवस ट्रेनिंगसाठी कुरखेड्याला निघाली. जाताना म्हणाली, "कमळाबाई, पोराइकडून ग आन म ही अक्षरं तेवढी गिरवून घ्या."

आता नाही म्हणावं तर मूठ उघडते. कमळाबाईनं परातीत धानाचा कोंडा पसरला, पोरांना समोर बसवलं आणि भिंतीवरच्या तक्त्यात गणपती आणि मगरीच्या चित्रांशेजारची अक्षरं पाहून ती बोटानं काढली. पोरांनी परातीच्या पलीकडून पाहिली तशीच काढली. ती बसली होती तिथून तर हुबेहूब तक्त्यावरची! बाई अशी हरखली म्हणता! चार वर्षांच्या चंचलला तर तिनं लाडूही दिला.

रंजीता परतली त्याच दिवशी पर्यवेक्षिका मॅडम येऊन टपकल्या. पोरांच्या पाठीमागून वाकून पाहतात तर काय, सगळी अक्षरं डोक्यावर उभी. रेघ खाली, पाय वर!

"रंजीता, बारा पोरं आन बाराही उलटी? काय शिकवता हो तुम्ही?"

रंजीताचा चेहरा पडला. चंचल मात्र खुशीत ओरडली, "आमाले कमळाआजीनं शिकवलं!"

सगळे चुलीकडे पाहू लागले. कमळाबाईच्या तोंडातून निघून गेलं, "मी कायची शिकवतो, मॅडम? मी तं खिचडी रांधतो. पोरगी लबाड हाय."

मॅडमनी रंजीताला नाही नाही ते सुनावलं, रजिस्टरात शेरा मारला आणि गेल्या. रंजीता कमळाबाईला एका शब्दानं बोलली नाही. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी रंजीतानं पोरांना आपल्या बाजूला बसवून सरळ ग शिकवला. सुटीच्या वेळी चंचलची आई मंजुषा न्यायला आली. लेकीचं अक्षर पाहून म्हणाली, "अवो माय! कोनं शिकवलं तुले?"

चंचलनं एकदा कमळाबाईकडे पाहिलं. मान खाली घातली. "कोनीच नाई."

एवढीशी पोर, आणि आपण लबाड म्हटलं म्हणून तिनं खरं बोलणं सोडलं! कमळाबाईला स्वतःचीच किळस आली. तिनं हातातला खिचडीचा डाव खाली ठेवला.

"रंजीताताई, उलटं मीच शिकवलं. मले वाचताच येत नाई."

चंचल जवळ आली.

"मंग मी लबाड नाई?"

"नाई माय. लबाड मी."

"मॅडमले सांगशीन?"

नोकरीचं काय होईल ते कमळाबाईला दिसत होतं.

"लावा फोन, ताई," ती म्हणाली. "मीच बोलतो."