तिच्या नावाखाली माझं तोंड बंद

“ती बोलत नाही एवढंच, पण तिला ही गाडी सहन होत नाही. डोकं उठतं बिचारीचं. बघत नाहीस, बसली की डोळे मिटून घेते?”

हे सासूबाई आपल्या लेकाला सांगत होत्या. माझ्या बॉनेटवर हात टेकून, आवाज अगदी खाली आणून. ज्या बिचारीबद्दल हे चाललं होतं ती बिचारी त्याच वेळी माझ्या मागच्या सीटखाली वाकून, पडलेलं कानातलं शोधत होती. तिने सगळं ऐकलं. कानातलं मुठीत धरून ती तशीच वाकून राहिली, मायलेक घरात जाईपर्यंत.

मीही ऐकलं. गाडीला कान नसतात असं फक्त माणसांनाच वाटतं.

तर ती सहन न होणारी गाडी मीच. आज मीच बोलणार आहे, कारण या घरात माझ्याविषयी आणि तिच्याविषयी बाकी सगळ्यांनी भरपूर बोलून झालंय.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझा रंग दुधावरच्या सायीसारखा होता. जाड पत्रा, गोल दिवे, आणि आवाज असा खणखणीत की गल्लीच्या तोंडाशी आले तरी घरातलं माणूस कडी काढायला उठायचं. त्या काळी आवाज म्हणजे दोष नव्हता, ओळख होती. माझा पहिला धनी डोळ्यांचा डॉक्टर. माणूस भला, पण गिअर असा टाकायचा की जणू माझं त्याच्याशी जुनं वैर. दुसरा फोटोग्राफर. त्याने माझ्या बॉनेटवर नवरा-नवरीच्या कितीतरी जोड्या टेकवून फोटो काढले, आणि धंदा बसल्यावर मला एका भिंतीच्या आडोशाला सोडून दिलं. माझ्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. त्या दिवसांविषयी मी फार बोलत नाही.

तिथून मला बाबांनी उचललं. बाबा म्हणजे या घराचे थोरले. तेव्हा ते सूतगिरणीत फिटर होते. यंत्राला कान लावून त्याचं दुखणं ओळखायचं, ही त्यांची सवय. माझा वेगाचा काटा कधीचाच मेलेला, पण त्यांनी तो कधी दुरुस्त केला नाही. माझ्या गुणगुणण्यावरून त्यांना वेग कळायचा. तळपायाला धग लागली की बाजूला थांबून रेडिएटरमधलं पाणी बघायचे. मी बोलायची आणि ते ऐकायचे. संसार म्हणतात तो आणखी काय असतो?

माझी एक खोड आहे, ती लपवत नाही. पाऊस झाला की पुढच्या काचेच्या रबरातून पाणी आत झिरपतं. माझा उतार मागच्या बाजूला आहे, म्हणून ते खालच्या पत्र्यावरून वाहत मागच्या सीटच्या पायांपाशी जातं. तिथे दोन भोकं आहेत, त्यातून टपटप रस्त्यावर पडतं. भोकांची रबरी बुचं बाबांनी स्वतःच काढून टाकली होती. काचेचं रबर बदलावं असं मात्र कुणालाच वाटलं नाही. त्याऐवजी घराने पाय उचलून बसायची सवय लावून घेतली. मुलगी तर लहानपणापासून पावसात मांडी घालूनच बसायची. लग्न होऊन गेली तरी माहेरी आली की मागच्या सीटवर चढताना चपला हातात. हे सगळ्यांच्या इतकं अंगात मुरलेलं की नव्या सुनेला सांगायला हवं, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

सूनबाई आली ती मोजकं बोलणारी. सासूबाई पुढे बसायच्या, ही मागे, डाव्या खिडकीशी. मी निघाले की हिचं डोकं काचेला टेकायचं आणि डोळे मिटायचे. आता डोकं दुखणाऱ्या माणसाचा श्वास कसा असतो आणि गाढ झोपलेल्याचा कसा, हे मला कळतं. मागच्या सीटवर पिढ्या झोपवल्यात मी. पण आरशातून बघणाऱ्यांना दिसले ते फक्त मिटलेले डोळे. त्यावरून निदान झालं, आणि निदान झाल्यावर उपचार टळतात थोडेच!

पुढच्या रविवारी सकाळीच मला उघडी पाडली. सीट बाहेर, गालिचा बाहेर, दारांची आतली कव्हरं बाहेर. कारखान्याने घातलेला जुना लोकरीचा नमदा नखाने खरवडून काढला. चिरंजीवांनी मोबाइलवर सगळं शिकून घेतलं होतं. खालच्या पत्र्यावर डांबरी पट्ट्या चिकटवायच्या, त्या लाटून घट्ट बसवायच्या, वरून फोम. इंजिन आणि माणसं यांच्यामध्ये पत्र्याची जी भिंत आहे तिच्यावर चांदीच्या कागदाचं अस्तर, म्हणजे धग आत यायला नको. छतालाही तेच.

लाटायला रूळ नव्हता म्हणून सासूबाईंचं लाटणं आलं. त्यावरून घरात थोडी वादावादी झाली, कारण लाटण्याला मालकीण होती आणि ती बोलणारी होती. पट्ट्या नरम करायला गरम हवा हवी होती. चिरंजीव आत गेले आणि सूनबाईच्या कपाटातला तिचा केस वाळवायचा ड्रायर घेऊन आले. तिला विचारलं नाही. “तिच्यासाठीच तर चाललंय,” म्हणाले. ती दाराशी उभी होती. ड्रायरच्या तोंडाला डांबर लागलेलं तिने बघितलं आणि आत गेली.

मग ते मागच्या भोकांपाशी पोचले. चिरंजीवांनी विचारलं, ही ठेवायची की झाकायची? मी निश्चिंत होते. उत्तर बाबा देणार होते ना.

“झाक की. रस्त्याचा आवाज तिथूनच तर वर येतो. पोरीला त्रास नको.”

बाबा. ज्यांनी ती बुचं स्वतःच्या हाताने काढली होती. मला दुसऱ्या कुणाचा इतका राग आला नसता. सुनेवर माया करावी, जरूर करावी; पण मायेच्या भरात माणसाने स्वतःचंच काम विसरावं? लाटणं फिरलं. दोन्ही भोकं पट्टीखाली गेली. कडा ड्रायरने गरम करून पुन्हा दाबल्या. काम मात्र चोख, एवढासा फुगा राहू दिला नाही.

पहिल्या फेरीला सगळे निघाले. मी बोलत होते, पण माझं मलाच ऐकू येईना. उशीत तोंड खुपसून ओरडावं तसं. चढावर बाबांनी गिअर उशिरा टाकला. त्यांचा पाय चपलेतून बाहेर येऊन धग शोधत होता, ती नव्हती. “छान झालंय, अगदी छान,” असं ते दोनदा म्हणाले, आणि पाय पुन्हा चपलेत सरकवला. मागे सूनबाई टक्क जागी. सासूबाईंनी मान वळवून पाहिलं आणि लेकाला कोपराने ढोसलं. बघ, डोळे उघडे आहेत पोरीचे, गुण आला.

गुण आला म्हणे! पोरीची झोप उडाली होती.

मग पाऊस झाला. पाणी आलं, नेहमीच्या वाटेने मागे गेलं आणि तिथेच बसलं. फोमने ते पोटभर पिऊन घेतलं. वरचा गालिचा ओला झाला तो नेमका सूनबाईच्या पायांखाली. सासूबाई म्हणाल्या, बाटलीचं झाकण नीट लावत जा हं. तिने पिशवीतली बाटली काढून पाहिली. झाकण घट्ट होतं आणि बाटली काठोकाठ भरलेली. तिने ती परत ठेवली. पुढच्या पावसानंतर पुन्हा ओलं, पुन्हा बाटली. माहेरपणाला आलेली नणंद हसून म्हणाली की वहिनीला लहान मुलांची नळीची बाटली आणून देऊ या. सगळे हसले. ही पण हसली, ओठांनी.

आधी असं पाणी साचायला लागलं असतं तर बाबांनी वळणावरच ओळखलं असतं. डबडब ऐकू आली असती. आता फोमखाली कसली डबडब! नंतर वास सुटला. नव्या मालाचा वास आहे, जाईल, असं ठरलं आणि आरशाला अत्तराची डबी लटकली. वरून मोगरा, खाली गंज.

गंज काय असतो ते तुम्हाला सांगते. तो ओरडत नाही, घाई करत नाही. ओल धरून बसतो आणि खातो. खालचा पत्रा गेला की आमच्यासारखीला दुसरा पत्रा कुणी घालत नाही. भंगारवाला येतो, वजन करतो, दारं वेगळी, दिवे वेगळे. कोंबड्यांच्या दिवसांतही मला ती भीती नव्हती, कारण तेव्हा निदान माझ्यातून पाणी वाहून जात होतं.

एका दुपारी घर झोपलेलं असताना सूनबाई एकटीच आली. मागचं दार उघडलं, गालिच्याचा कोपरा उचलला आणि फोमवर बोट दाबलं. बोट तांबूस झालं. तिने ते नाकाशी नेलं, मग वाकून माझ्या पोटाखाली पाहिलं. बाहेरून दोन्ही भोकं दिसत होती, आतून बुजलेली. तिला सगळं कळलं. मी वाट पाहिली. तिने रुमालाला बोट पुसलं, दार हळूच लावलं आणि गेली.

खरं सांगू? त्या दिवशी मला तिचाही राग आला. माझं तोंड बांधलंय, तुझं कुणी बांधलंय?

आणि आज पुन्हा रविवार. परवा गाडीत तिने नाकाला पदर लावला तो सासूबाईंनी पाहिला. झालं, नवं निदान. अजून धग येत असणार, अजून डोकं दुखत असणार, पण पोर भिडस्त, बोलायची नाही. म्हणून आता आहे त्या गालिच्यावरच जाड फोमचा आणखी एक थर, आणि त्यावर नवा गालिचा कायमचा चिकटवून टाकायचा. सोल्युशनचा डबा उघडलाय. चिरंजीव ब्रश बुडवताहेत. बाबा गुडघ्यावर बसून जुन्या गालिच्याची कड सरळ करताहेत, म्हणजे सोल्युशन ओलं असतानाच वरचा थर नीट बसावा. वरची ओल त्यांनी हाताने चाचपली आणि बाटलीच्या खात्यात टाकून दिली. एकदा हे चिकटलं की कुणी उचलून बघणार नाही. मी आतून सडत राहीन, आणि सगळे म्हणतील, काय शांत चालते!

वाचणाऱ्यांनो, तुमच्याकडे एखादी म्हातारी गाडी असेल तर तिला रंग द्या, सीट शिवून घ्या, हवं तर तिचा आवाजही कमी करा. पण पाणी जायची वाट बुजवू नका. आणि ज्याच्या नावाने तिचं तोंड बांधताय, त्याला एकदा विचारा. एवढंच मागणं होतं, आणि ते मी आज कुणाला ऐकवणार?

पण घराचं दार वाजलं. सूनबाई आली होती. ती वाकली, बाबांच्या हाताखालचा गालिचा धरला आणि फोमसकट वर ओढला. तांबडं पाणी सळकन चिरंजीवांच्या गुडघ्यांवर आलं. “अगं, हात खराब होतील,” ते म्हणाले. सासूबाई पाण्याकडे बघत राहिल्या. बाबांनी खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून भोकाजवळची पट्टी उचकटली आणि पत्रा खरवडला. पापुद्रा निघाला. त्यांनी टोक दाबून पाहिलं, पुन्हा दाबून पाहिलं. पत्रा अजून होता.

 मग मान वर न करता ते म्हणाले, “पट्ट्या काढल्या तर आवाज परत येईल गं. धग येईल. तुला त्रास होईल.”

तिने हात रुमालाला पुसले.

“आवाजाचा त्रास मला कधीच नव्हता, बाबा. मी छापखान्याच्या माडीवर वाढले. रात्रंदिवस खाली यंत्र चालायचं आणि ते बंद पडलं की आम्हाला जाग यायची. तुमच्या गाडीत मला झोप लागायची. सासरी आल्यापासून नीट झोप लागायची ती तिथेच. मी बोलत नाही, हे खरं. म्हणून माझ्या वतीने सगळे बोलायला लागले, आणि मी बोलू दिलं. आता बोलते. पाणी बाटलीचं नव्हतं. पट्ट्या काढा, भोकांवरच्या आधी. काचेला नवं रबर आणा. आणि गाडी तुम्ही चालवा, तुम्हाला ऐकू येईल अशी.”