आरतीच्या वेळी करपणाऱ्या कुंड्या

या, मित्रांनो, जरा जवळ सरकून बसा. माझ्या अंगच्या तेलाला बिचकू नका. एका संशयाची कथा सांगतो. मन लावून ऐकलीत तर मलाही सांगताना रंग चढेल.

मी प्लास्टिकच्या वस्तू घडवणारं एक जुनं यंत्र आहे. माझ्या डोक्यावरच्या पेटीतून दाणे तापलेल्या नळ्यात पडायचे, वितळायचे आणि साच्यात शिरून डबे होऊन बाहेर यायचे. अंधेरीच्या एका गाळ्यात मधुकरशेठनी मला बसवलं, तेव्हा हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. भिंतीपलीकडे दत्ताचं देऊळ होतं. तिथे कीर्तनात बुवांचा आवाज चढला की माझी खडखडसुद्धा मला टाळांसारखी वाटायची.

मला चालवायचा दशरथ. निघालेल्या मालाच्या कडा तासायची शेवंती. दुपारी देवळात घंटा झाली की मला थांबवून शेठ धरून तिघंही गाळ्यातल्या दत्ताच्या तसबिरीपुढे आरतीला उभी राहत. हीटर मात्र चालूच असे. पुन्हा तापवायचा खोळंबा कशाला? डब्यांच्या प्लास्टिकला त्याचं काही वाटत नसे.

शहाऐंशीच्या सुमारास एका प्रयोगशाळेने नवलाचे दाणे पाठवले. जिवाणूंनी बनवलेले, मातीत पुरले की कुजून मातीच होणारे. आरे कॉलनीतल्या एका रोपवाटिकेसाठी त्यांच्या कुंड्या करायच्या होत्या. सकाळी कुंड्या झकास उतरल्या. आरतीनंतर मात्र तपकिरी, करपट वासाच्या, बोटाने दाबल्या की कटकन मोडणाऱ्या. रोज तेच, आणि रोज आरतीनंतरच!

शेठच्या मनात किडा शिरला. "आरतीत सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात. तेव्हाच कोणीतरी पेटीत भंगार दाणे टाकतं आणि चांगले पळवतं."

"कोण टाकणार हो शेठ? आपण तिघंच तर असतो," दशरथ म्हणाला.

"तू माझ्या शेजारी टाळ वाजवतोस. मागे पेटीजवळ कोण असतं?"

शेवंतीचा हात थांबला. "म्हणजे मी? देवाच्या पुढ्यात चोरी करीन मी?"

"पिशवी दाखव."

पिशवीत भाकरी आणि सुकटीची चटणी निघाली. पण संशय कधी पिशवी बघून माघारी फिरतो का? पिशवीत काही नाही म्हणजे माल आधीच गेला, असं त्याला वाटतं. ती गप्प राहिली तर लबाड, बोलली तर उर्मट. दशरथसुद्धा तिच्याकडे तिरकं बघू लागला.

"पुन्हा माल बिघडला तर कामावर येऊ नकोस," शेठनी बजावलं.

माझ्या पोटात काय चाललंय ते मला ठाऊक होतं, पण वाचा कुठे होती? हे दाणे फार नाजूक. वितळणं आणि करपणं यांत त्यांना थोडंसंच अंतर. आरती संपेपर्यंत ते माझ्या नळ्यात शिजत, आतून तुटत, दुबळे होत राहायचे.

दुसऱ्या दिवशी शेठनी शेवंतीला दाराबाहेर उभं केलं आणि आरती सोडून स्वतः पेटीच्या झाकणावर हात ठेवून बसले. दशरथ एकटाच गायला. पेटीजवळ कोणी फिरकलं नाही. आरती संपली, मी सुरू झालो, आणि पहिली कुंडी पडली. तपकिरी. शेठनी उचलली, तर हातातच तिचे तुकडे झाले.

"आता कोणाची पिशवी बघायची, शेठ?" दारातून शेवंती म्हणाली.

शेठनी तुकडे हुंगले आणि दशरथपुढे धरले. दशरथ पुटपुटला, "आपणच खीर चुलीवर ठेवून आरती म्हणतोय. लागणारच की तळाला."

मग रीत बदलली. दाणे जेमतेम वितळतील एवढीच आच ठेवली. ओलावा आला तर ते आणखी लवकर बिघडतात, म्हणून ते सुकवून घट्ट डब्यात ठेवले. घंटा व्हायच्या आत साधं प्लास्टिक ढकलून माझा नळा साफ केला, हीटर मंद केला. आरतीनंतरच्या कुंड्याही सकाळच्यासारख्याच निघाल्या.

शेठ हात जोडून म्हणाले, "शेवंती, चुकलो. आजची आरती तू ओवाळ."

"नको. तुम्हीच ओवाळा. मी मशीनपाशी थांबते. नळा साफ झाला का ते बघायला कोणीतरी हवंच ना?"

त्यानंतर ती कधीच तसबिरीपुढे उभी राहिली नाही. माझ्या शेजारूनच आरती म्हणायची. डोळे उघडे ठेवून.

आता मी कोपऱ्यात गंजतो आहे, त्याचं दुःख नाही. मित्रांनो, यंत्र थांबवाल तेव्हा त्याच्या पोटात काय उरलंय ते आधी बघा. आणि कोणाला पिशवी उघडायला सांगण्यापूर्वी, कृपा करून, आमच्या शेवंतीची आठवण काढा.