काचेला झाकण

ज्या वर्षी लंडनजवळच्या पिनरला देविकाच्या मुलीचं, मायराचं बारसं झालं, त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये मायराचा आजोबा जयंत ब्रिस्टलबाहेरच्या एका बंदुकांच्या दुकानात खांद्याला रायफल लावून उभा होता. खिडकीतून समोरच्या शेताच्या फाटकावर त्याने नेम धरला होता. शेजारी स्टुलावर बसलेल्या मुरलीधरकाकांनी काठीच्या टोकाने त्याचं कोपर वर ढकललं.

“हात खाली येतोय. जड आहे ती तुला.”

“नवी आहे, काका. पाच वर्षांची वॉरंटी आहे.”

“वॉरंटी हरणाला दाखवणार का?”

काउंटरमागे उभा असलेला दुकानदार कॉलिन मराठी न कळताही नुसत्या आवाजावरूनच हसला.

रायफल आणि दुर्बीण मिळून आठशे पाऊंड, असं जयंतने घरी बायकोला, स्वातीला कबूल केलं होतं. ही नवी रायफलच त्यातले बहुतेक खाऊन टाकत होती. उरलेल्यात बसणारी दुर्बीण काकांनी एकदा डोळ्याला लावली आणि खवट शेंगदाणा तोंडातून काढावा तशी बाजूला केली.

“हिच्यातून दुपारचं छान दिसेल. हरणं दुपारी येतात का? दिवस मावळताना जे दिसायला हवं त्याचे पैसे मोजायचे असतात, जयंता. रायफल जुनी चालते, काच चांगली हवी.”

काका स्लाऊच्या फॅक्टरीतून रिटायर होऊन इकडे आले होते, त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हापासून मिसेस टकरच्या सफरचंदाच्या बागेची राखण त्यांच्याकडे होती. हरणं रोपांच्या साली सोलून खायची. थंडीत काका त्यातली काही मारायचे. जयंतला त्यांनीच सगळं शिकवलं होतं. वारा बघणं, थांबणं, आणि मुख्य म्हणजे नेम धरूनही चाप न ओढता घरी परतणं. पण यंदाच्या वसंतात काकांचा उजवा हात थरथरायला लागला, आणि त्यांनी कुणी सांगायच्या आधीच स्वतःचं बंदुकीचं सर्टिफिकेट पोलिसांना परत केलं. आता नोव्हेंबर लागला की हरणांच्या माद्या मारायचा सीझन सुरू होणार होता. तोवर जयंतकडे स्वतःची रायफल नसेल तर बाग दुसऱ्या कुणाकडे द्यावी लागेल, असं मिसेस टकरने अवघडून पण स्पष्ट सांगितलं होतं.

“माझी घे,” काका उन्हाळ्यात दोन-तीनदा म्हणाले होते.

“तुमची तुम्हालाच लागेल, काका. औषध लागू पडू दे जरा.”

जयंत दर वेळी हेच म्हणाला. ती रायफल घेणं म्हणजे काका आता बागेत परत यायचे नाहीत, असं त्यांच्या तोंडावर सांगणं होतं. मग काकांनी तो विषयच सोडला. पोलिसांकडे जमा करून टाकली, एवढंच पुढे कधीतरी म्हणाले.

“त्या कोपऱ्यातली दाखव,” काका आता कॉलिनला इंग्रजीत म्हणाले.

कॉलिनने काकांकडे पाहिलं, मग साखळी सोडून ती रायफल आणली. जुनी होती, दुर्बीण नसलेली. दस्त्याचं लाकूड उघडं, फिकट.

“अडीचशे,” कॉलिन म्हणाला. “दस्ता कुणीतरी कापून आखूड केलाय. इकडच्या उंच माणसांना बसत नाही. म्हणून पडून आहे.”

“ओरखडापण आहे,” काका म्हणाले. “कुणीतरी हलगर्जी माणूस असणार.”

जयंतने ती खांद्याला लावली. गाल लाकडावर टेकला, बोट चापापर्यंत आपोआप पोचलं. फाटक जागच्या जागी स्थिर उभं राहिलं.

त्याने ती खाली घेतली. मुठीपाशी लाकडावर बारीक जाळी कोरलेली होती, आणि तिच्या खाचांमध्ये काहीतरी लाल होतं.

“रंग असावा,” कॉलिन म्हणाला. “ब्रश लावून पाहिला. निघत नाही.”

जयंतने त्यावरून अंगठा फिरवला. मागच्या वर्षीची खंडेनवमी. काकांच्या हॉलमध्ये पाटावर विळी, कात्री, पान्हे, आणि मधोमध हिरव्या कापडी पट्ट्या गुंडाळलेली काकांची रायफल. पट्ट्यांच्या आतलं लाकूड जयंतने कधी पाहिलंच नव्हतं. मधुमतीकाकूंनी ओलं कुंकू लावलं होतं, सढळ हाताने. मुठीवर लावलं, ते पट्ट्यांत मुरलं. आणि कौतुकाने एक बोट दुर्बिणीच्या काचेवर, थेट कपाळाला लावावं तसं. काकांनी घाईघाईत ते टॉवेलने पुसलं आणि काच कायमची खरवडली गेली. ‘डोळा फोडलास माझा,’ म्हणून काका जेवेपर्यंत कुरकुरत होते, आणि काकू त्यांना पुरणपोळी वाढत म्हणत होत्या, ‘देवाचं लेणं आहे, आंधळं नाही होत कुणी.’

जयंतने मान वर केली. काका खिडकीबाहेर बघत होते. उजवा हात त्यांनी डाव्या हाताने मांडीवर दाबून धरला होता.

“काका, कुणाची असेल ही?”

“कुणाची का असेना. तुझ्या हाताला बसते का, ते सांग.”

कॉलिन उगाच काउंटर पुसू लागला. जयंतने रायफल पुन्हा खांद्याला लावली.

“बसते,” तो म्हणाला.

“मग झालं. उरलेल्याची काच घे, चांगली. आणि पैसे मोजून घेतोयस, फुकट नाही. कुणाचं काही काढून घेतलं असं नको वाटून घेऊस.”

जयंतने खिशातून आपलं सर्टिफिकेट काढून कॉलिनसमोर ठेवलं.

परतताना मोटरवेवर लागल्यावर काका म्हणाले, “पट्ट्या मात्र नव्या गुंडाळ. हिरव्याच. लाकूड उन्हात चमकतं ते.”

“गुंडाळतो.”

एक लॉरी पुढे गेली. जयंतने वायपर एकदा फिरवून बंद केला.

“पुढच्या नवमीला काकूंना पूजेला आमच्याकडे बोलावतो, काका.”

“बोलाव की,” काका म्हणाले. “काचेला आधी झाकण लाव.”

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी जयंत बागेत गेला तेव्हा काका फाटकापाशी गाडीत बसले होते, मांडीवर चहाचा थर्मास घेऊन. अंधार पडताना आतून एकच आवाज आला. काकांनी थर्मासचं झाकण उघडलं आणि दोन कप भरले. दुसरा भरताना थोडा चहा सांडला.

मुरलीधरकाका पुढच्या वर्षी फेब्रुवारीत वारले, माद्यांचा सीझन संपायच्या आधी.