ओळ, मग झोका

प्राचीन भाषा शिकवणाऱ्या त्या प्राध्यापिकेला अख्खं विद्यापीठ पाळणाबाई म्हणायचं, तेही तोंडावर. ऐन तिशीत तिनं घोडचूक केली होती म्हणे. उत्खननात सापडलेल्या एका शिळेवर गाणं कोरलेलं होतं, प्रत्येक ओळीनंतर थोडी जागा मोकळी सोडून. तिच्या गुरूंनी, म्हणजे मोठ्या सरांनी, ठरवून टाकलं होतं की हा राजाच्या मरणावरचा विलाप. मोकळ्या जागा हुंदक्यांच्या. हिनं तेच गाणं एका दुपारी घरी मोठ्यानं वाचलं, तेव्हा हातात लेकीच्या पाळण्याची दोरी होती. ओळ संपली की दोरी ओढायची, पाळणा परत आला की पुढची ओळ. जागा नेमकी तेवढीच! गाणं अर्ध्यावर यायच्या आत कार्टी गाढ झोपली.

विलाप कसला, ही तर अंगाई, असं तिनं छापलं आणि हसं झालं. मोठ्या सरांनी भर सभेत विचारलं होतं, की बाई विद्वत्ता घरी ठेवून पाळणा इथं घेऊन आल्या की काय. बढती लांबली, पाठ्यपुस्तकात विलाप तो विलापच राहिला. ती मात्र दरवर्षी नव्या पोरांना ते गाणं डोलत डोलत शिकवायची. केस पिकले, हेका हिरवाच राहिला.

निवृत्तीच्या व्याख्यानाला सभागृह गच्च भरलं. पहिल्या रांगेत थकलेले मोठे सर, काठीवर हनुवटी टेकवून. पाठ्यपुस्तकाची शेवटची आवृत्ती त्यांच्याच हातून निघायची होती. आज पटलं नाही, तर गाणं कायमचं मढ्याच्या उशाशी.

तिनं तोंड उघडलं आणि मागच्या रांगेत तिच्या तान्ह्या नातीनं भोकाड पसरलं. लेक ओशाळून दाराकडे निघाली.

"कुठं चाललीस? आण इकडे माझ्या साक्षीदाराला."

नातीला खांद्यावर घेतलं, कागद बाजूला सारले. ओळ, मग झोका. ओळ, मग झोका. रडणं हुंदक्यावर आलं, हुंदका जांभईवर, इवली मूठ सैल पडली. सभागृहातले खांदेही नकळत हलायला लागले. गाणं संपलं तेव्हा इतकं निवांत झालं, की पहिल्या रांगेतलं घोरणं सगळ्यांना ऐकू आलं.

शेजाऱ्यानं हलवलं तसे मोठे सर दचकून जागे झाले. हशा ओसरेपर्यंत चष्मा चाचपत बसले, मग काठी टेकत उभे राहिले.

"जन्मभर मढ्यांची गाणी वाचली मी," ते म्हणाले, "एकानंही कधी निजवलं नाही. पाळणाबाई, पुस्तकातलं ते पान तुम्हीच लिहा."

टाळ्या फुटणार, तोच तिनं ओठांवर बोट ठेवलं. सगळे उभे राहिले, तळवे हवेत, आवाज नाही. आणि पाळणाबाई ताठ मानेनं, झोका न मोडता, मधल्या वाटेनं चालत गेली.