तुंब्याच्या जागी पन्नी

मी एक पन्नी, म्हणजे प्लास्टिकची पिशवी. पांढरी, आरपार दिसणारी, फुंकर मारली की फुगणारी. त्या काळात तर कुणी न फुंकताही फुगलेलीच असायची.

१९८६ साली तुमसरच्या बाजारातून साखर घेऊन मी करडीला घनश्यामच्या घरी आले. साखर डब्यात गेली, मी मुक्कामाला राहिले. त्याची बायको देवकाबाई मला धुवून तारेवर वाळवी, जणू नवं लुगडंच!

चुलीवर एक तुंबा टांगलेला असे. वाळलेला पोकळ भोपळा, धुरानं काळाकुट्ट. आत राखेत घोळवलेलं वालाचं बी. आई गेल्यावर देवकाबाईनं दिघोरीहून एवढंच आणलेलं. माहेरी ती वेल आता उरली नव्हती.

शेजारच्या चंद्रभागाबाई म्हणाल्या, "काहून वं, अजून तुंबाच? पन्नीत ठेव. बी कसं झकास दिसते!"

झालं. दिसायचं म्हणून देवकाबाईनं बी धुतलं, राख घालवली, अर्धा दिवस ऊन दाखवलं आणि माझ्या पोटात भरून गच्च गाठ मारली. तुंबा गेला गोठ्यात. तो जाताना मी त्याला म्हटलं, "म्हातारबा, खरा माल पाहा. आत आहे तेच बाहेर दिसते!"

दिसलंच. आधी मला आतून घाम सुटला, मग बियांवर बुरशी चढली. दुकानात मांडायला देखणा, घरात ठेवायला कुचकामी, असा माल मी.

बी लावायच्या दिवशी गाठ सुटली. वास आला तशी देवकाबाई मटकन बसली. "मायचं बी होतं जी. म्याच कुजवलं."

घनश्यामनं गोठ्यातून तुंबा आणून कानाशी हलवला. खुळखुळ! बुडाच्या राखेत सात दाणे अडकले होते. पाच रुजले.

पुढच्या बाजारी देवकाबाईनं त्याच्या हाती कापडी थैली दिली. "अजी, पन्नी आणली त तुमालेच वेलीले बांधीन!"

मग घरातल्या इतर पन्न्यांतलं मीठ मडक्यात परतलं, काही दिवसांनी गूळ डब्यात, मिरची गाडग्यात. माझ्या या बहिणी एकेक करून फाटल्या. नवी कुणी आली नाही.

उरले मी. वाडीतल्या मांडवाला बांधलेली, फडफडून पाखरं हाकलते. खाली वालाला शेंगा धरल्यात. ज्याचं बी कुजवलं, त्याचीच राखणदार! तुंबा चुलीवर परतलाय, नव्या बियांची वाट पाहत.

तेव्हा मंडळी, बाजारात कुणी पन्नी पुढे केली तर हात जोडून सांगा, राखणदाराची एकच जागा होती, ती भरली.